लाकडी ट्रॅकची मोटारसायकल आणि आपला कारागीर

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारसायकलीवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. मला स्वतःला तर स्कूटरच्या वर काही चालवता येत नाही. पण माझ्या भाच्याचे कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला छोटे वर्कशॉप आहे. वेल्डिंग, पत्राकाम, चासी सरळ करणे ही तिथली रोजची कामे. २०२२ साली त्याच्याकडे एक ऑर्डर आली आणि त्या ऑर्डरीने आमच्या घरात सात-आठ महिने दुसरा विषय चालू दिला नाही. शेवटी पंच म्हणून मला बसावे लागले, आणि पंचाला खटला समजला पाहिजे म्हणून मी वाचायला लागलो. जे कळले ते या पानाच्या वाचकांच्या उपयोगाचे आहे. लोहार, टर्नर, डेंटर, चामड्याचे कारागीर आपल्या समाजात घरोघरी आहेत, आणि अशी शौकाची कामे आता मुंबई-पुण्यात वरचेवर निघतात.

गिऱ्हाईक तरुण होता, चांगल्या नोकरीतला, बोलायला नम्र. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. पिवळ्या रंगाची, सायकलसारखी सडपातळ मोटारसायकल. मडगार्ड नाही, दिवा नाही, हँडल खाली वाकलेले, सीट मूठभर. म्हणाला, "माझ्याकडे जुनी बुलेट आहे. तिचे हे करून द्या." भाचा म्हणाला, "होईल." इथूनच सगळी गडबड सुरू झाली.

ती मोटारसायकल कुठून आली

फोटोतल्या गाडीचे नाव सायक्लोन. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात १९१० च्या दशकात थोडीच वर्षे ती बनली. त्या काळात अमेरिकेत एक विचित्र शर्यत चालत असे. मैदानावर लाकडी फळ्यांचा गोल ट्रॅक बांधायचा, कडेने तो कढईसारखा उंच उचलायचा आणि त्यावर मोटारसायकली पळवायच्या. त्याला बोर्ड ट्रॅक म्हणत. कल्पना सायकलींच्या लाकडी ट्रॅकवरून उचललेली. जॅक प्रिन्स नावाचा इंग्लंडचा माणूस, स्वतः जुना सायकलपटू, असे ट्रॅक बांधण्याचा ठेका घेई. १९१० साली लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रे येथे त्याने एक मैलाचा गोल ट्रॅक उभा केला. पुढे अमेरिकेत गावोगाव तसे ट्रॅक निघाले.

बांधकामाची रीत ऐकण्यासारखी आहे. दोन इंच बाय चार इंचाच्या पट्ट्या आडव्या न टाकता उभ्या कडेवर लावत आणि एकमेकींना खिळ्यांनी ठोकत. म्हणजे दोन इंचाची कड वर आणि चार इंचाची खोली खाली. लाकूड रंधा न मारलेले, करवतीतून निघाले तसेच. शहरातले लहान ट्रॅक पाव-अर्ध्या मैलाचे, आणि त्यांचा उतार कधी कधी साठ अंशांपर्यंत जाई. आपल्या घराच्या जिन्यापेक्षा कितीतरी उभा. प्रेक्षक वरच्या कठड्याला टेकून खाली वाकून पाहात.

आता या गाड्यांना ब्रेक नव्हता. हे वाचून मला वाटले छपाईची चूक असेल, पण खरेच नव्हता. ट्रॅकवर सगळे एकाच वेगाने पळत आहेत, त्यात एकाने ब्रेक मारला तर मागचा त्याच्यावर चढणार, असा विचार. बहुतेक गाड्यांना क्लच आणि गिअरही नव्हते. इंजिनची ताकद चेनने थेट मागच्या चाकाला. सुरू करायची तर दुसऱ्या गाडीने ओढून नेत. वेग कमी करायचा तर इंजिनची ठिणगी बटणाने तोडायची आणि सोडायची. तेल इंजिनात फिरून परत येत नसे, जळून किंवा सांडून बाहेर जाई. स्वार हाताने पंप मारून नवे तेल सोडत राही. सांडलेले तेल फळ्यांवर, आणि त्याच तेलावरून पुढची फेरी. पडला तर अंगात लाकडाच्या फाशा घुसत. अंगावर काय, तर लोकरीची जर्सी आणि डोक्यावर चामड्याची टोपी. मी कापडाचा माणूस. लोकरीची जर्सी उबेसाठी चांगली, लाकडावर घसरायला नव्हे.

३० डिसेंबर १९१२ रोजी ली ह्युमिस्टन याने प्लाया डेल रेच्या ट्रॅकवर एक्सेलसियर गाडीने ताशी शंभर मैलांचा वेग गाठला. म्हणजे एकशे साठ किलोमीटर, सायकलीएवढ्या टायरवर आणि ब्रेकशिवाय. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या नेवार्क येथे एडी हाशा नावाच्या प्रसिद्ध स्वाराची इंडियन गाडी कठड्यावर गेली. तो स्वतः, आणखी एक स्वार आणि कठड्याला टेकून पाहणारे कित्येक प्रेक्षक मेले. त्यानंतर वर्तमानपत्रांनी या ट्रॅकांना खुनी ट्रॅक म्हणायला सुरुवात केली. (इंडियन हे नाव वाचून आपल्या देशाचा संबंध जोडू नये. १९०१ मध्ये मॅसाच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे निघालेली ती अमेरिकन कंपनी, आणि नाव तिकडच्या मूळ रहिवाशांवरून.)

धंद्याच्या नजरेने पाहिले तर हे ट्रॅक बुडणारच होते. लाकडावर संरक्षक लेप नाही, वर ऊन-पाऊस-बर्फ. दोन-तीन वर्षांत फळ्या सडत. शर्यत चालू असताना सुतार ट्रॅकच्या खाली उभे राहून तुटक्या फळ्या बदलत असे वर्णन मिळते. मायामीजवळ फुलफोर्ड येथे मोटारींसाठी बांधलेल्या लाकडी ट्रॅकवर फेब्रुवारी १९२६ मध्ये एक शर्यत झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या वादळात तो ट्रॅक साफ झाला. एका शर्यतीत लाकडाचे पैसे कुठून निघणार? फ्रेस्नो येथे १९२१ साली हार्लेच्या ऑटो वॉकरने संपूर्ण शर्यत शंभर मैलांच्या वर सरासरीने जिंकली, पण त्याच वर्षाच्या अखेरीस हार्ले कंपनीने आपला शर्यतीचा संघ मोडला. खर्च परवडेना. १९३० च्या आसपास लाकडी ट्रॅकांचा जमाना संपला.

गाड्या फार थोड्या उरल्या. म्हणून त्यांना सोन्याचा भाव. २०१५ साली लास व्हेगासच्या लिलावात एक सायक्लोन ८,५२,५०० डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने पाच कोटी रुपयांच्या वर. खरी गाडी कोणाच्या आवाक्यात नाही, आणि जी आवाक्यात नाही तिची नक्कल करून देणारा कारागीर लागतो. हार गळ्यात खोटा का असेना, घडणावळ सोनाराला मिळतेच.

कामात काय काय आले

भाच्याने एक गोष्ट सुरुवातीलाच शहाणपणाची केली. गिऱ्हाइकाच्या बुलेटची चासी त्याने कापली नाही. ती जशीच्या तशी भिंतीला टांगली, इंजिन फक्त खाली घेतले आणि नवी फ्रेम वेगळ्या पाइपाची केली. पुढे याच गोष्टीने त्याला वाचवले. चासी नंबर चासीवर कोरलेला असतो; तो भाग कापला, घासला, की दुरुस्तीचे काम राहात नाही, गुन्ह्याचे होते.

जुन्या बुलेटचे बिडाचे इंजिन या कामाला चांगले का, हेही समजून घेण्यासारखे आहे. ३४६ सीसी, पिस्टन सत्तर मिलिमीटर आणि स्ट्रोक नव्वद, एकच उभा सिलिंडर, गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा. दिसायला जुन्या पद्धतीचे, आणि नव्या गाड्यांसारखा वायरींचा गुंता नाही. अमेरिकेच्या त्या गाड्यांत बहुतेक दोन सिलिंडरचे इंग्रजी व्ही आकाराचे इंजिन असे, त्यामुळे बुलेटच्या इंजिनने हुबेहूब सायक्लोन होणार नाही, हे गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. सांगितले नाही.

फ्रेमला सीमलेस पाइप घेतला. जुन्या काळी पाइपांचे सांधे ओतीव खोबणीत बसवून पितळेची झाळ देत, सायकलीच्या फ्रेमसारखे. भाच्याने टिग वेल्डिंग केले. त्याआधी लोखंडी टेबलावर जिग बांधली, मधोमध दोरी ताणली आणि ओळंबा सोडून स्टिअरिंगची नळी आणि मागच्या चाकाची मध्यरेषा जुळवली. वेल्डिंगची उष्णता पाइप ओढते. एका बाजूचा टाका पूर्ण मारला की दुसरी बाजू वाकते, म्हणून समोरासमोर थोडे थोडे टाके मारत जावे लागते. शेवटी तीन मिलिमीटरचा फरक राहिलाच, आणि तो काढायला आठवडा गेला. शर्यतीच्या जुन्या हार्लेंत फ्रेमचा खालचा पाइपच काढून टाकत आणि लोखंडी पट्ट्यांनी इंजिन अडकवून त्यालाच फ्रेमचा भाग करत. आपल्या जुन्या बुलेटमध्येही पुढचा एकच पाइप इंजिनपाशी येऊन थांबतो आणि पुढचा भार इंजिनच उचलते. म्हणून तिथले नट ढिले म्हणजे गाडीचे कंबरडे ढिले.

हँडल वाकवण्याचे काम ज्या उस्तादांनी केले ते सत्तरीच्या घरातले. पाइप नुसता तापवून वाकवला तर आतल्या बाजूला चपटा होतो. त्यांनी पाइपात वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडे बंद केली, लाल केला आणि लाकडी साच्यावर हळूहळू ओढला. वाळू आधी तव्यावर भाजून कोरडी करून घेतली होती. ओल राहिली तर वाफेने तोंडाचे बूच गोळीसारखे उडते, हे त्यांनी पोरांना दोनदा बजावले. त्यांच्या डाव्या भुवईवर व्रण आहे. कशाचा ते मी विचारले नाही.

टाकी हा सगळ्यांत नाजूक भाग. त्या गाड्यांची टाकी लांब, अरुंद, वरच्या दोन पाइपांच्या मध्ये चेपून बसवलेली. सव्वा मिलिमीटरचा पत्रा, वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने गोलाई काढायची, मग शिवण झाळायची. पहिली टाकी गळली. दुसरी गळली नाही, पण दोन पाइपांत बसेना. तिसरी बसली. मध्ये गिऱ्हाईक म्हणाला, तांब्याची करू, छान दिसेल. दिसते छान यात शंका नाही, पण पेट्रोल तांब्याच्या संगतीत लवकर बिघडते, चिकट होते आणि कार्बोरेटरची भोके बुजवते. तांबे बाहेरून दाखवायचे असेल तर आतली टाकी वेगळी पाहिजे. त्यावरही आठ दिवस चर्चा.

सीटसाठी चामडे कोणते, यात माझा थोडा हात लागला. बाजारात जे मऊ चामडे मिळते ते क्रोमवर कमावलेले असते. ते ओले करून साच्यावर ताणले तरी सुकल्यावर परत सुटते. सीटच्या कढईसारख्या आकाराला सालीवर कमावलेले चामडे लागते, ज्याच्या कोल्हापुरी चपला होतात तसे. ओले करावे, लाकडी साच्यावर खिळावे, सावलीत दोन-तीन दिवस सुकवावे. आकार पक्का धरते. कोल्हापूरहून एक पाठ मागवली. सगळ्या गाडीत एकदाही वाद झाला नाही असा भाग तो एकच.

चाकांना उंची हवी होती. मूळ गाड्यांचे टायर बाहेरून अठ्ठावीस इंचांचे. आपल्याकडे एकवीस इंचाची रिम मिळते, हिमालयन गाडीच्या पुढच्या चाकाची, आणि तिच्यावरच काम भागवले. आणि ब्रेक! गिऱ्हाईक म्हणे, असलीला ब्रेक नव्हता. भाच्याने पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम लावले आणि स्पष्ट सांगितले की ब्रेकशिवाय गाडी माझ्या दारातून बाहेर जाणार नाही. या एका गोष्टीवर त्याने माझाही सल्ला मागितला नाही. मला ते आवडले.

गाडी तयार, घेणारा गायब

सात महिन्यांनी गाडी उभी राहिली. किक मारली, पेटली. मोहल्ल्यातली मुले जमली. आणि मग गिऱ्हाइकाला कुणीतरी कायदा सांगितला.

कायदा असा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ आणखी घट्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आमच्या गाडीत बदल मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरली नसती. अशी गाडी हॉटेलच्या दिवाणखान्यात, प्रदर्शनात, फार तर स्वतःच्या आवारात शोभते. मिलवॉकी येथे हार्लेच्या संग्रहालयात लाकडी ट्रॅकचा उतार करून त्यावर जुन्या गाड्या मांडल्या आहेत, तशी. रस्त्यावर नाही.

गिऱ्हाईक म्हणाला, मला रस्त्यावर चालवायची होती. भाचा म्हणाला, तसे तुम्ही बोलला नव्हता. तो म्हणाला, मोटारसायकल दुसऱ्या कशासाठी असते? तो म्हणाला, फोटोतल्यासारखी करून मागितली, फोटोतली रस्त्यावर चालतच नव्हती. दोघेही आपापल्या जागी खरे. कागद काय होता, तर पाठकोऱ्या बिलावर "बुलेट काम, ॲडव्हान्स ४०,०००" एवढेच. भाच्याचा स्वतःचा माल आणि दोन कारागिरांची मजुरी मिळून तोवर एक लाख सत्तर हजार लागले होते. दोघांपैकी एकाच्या बहिणीचे लग्न तोंडावर होते आणि त्याची उरलेली मजुरी या गाडीत अडकलेली.

आणि कबूल केले पाहिजे की चूक अर्धी माझी. ऑर्डर आली त्या दिवशी भाच्याने मला फोनवर विचारले होते, मामू, लिहून घेऊ का? मी म्हणालो, शरीफ माणूस दिसतो, लिहून कशाला घेतोस, वाईट दिसेल. तीस वर्षे कापडाचा धंदा करतो. सौ ताग्यांची ऑर्डर असो की पाच ताग्यांची, कपड्याचा तुकडा कापून दोन भाग करतो, दोन्हीवर दोघांच्या सह्या, एक त्याच्याकडे एक माझ्याकडे. शेडचा वाद झाला की तुकडा काढायचा. स्वतःच्या दुकानात जे पाळतो ते भाच्याच्या दुकानात वाईट दिसेल म्हणालो. सूरह अल-बकराची २८२वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब, उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याबद्दल आहे. मदरशात ती पाठ केली होती.

पंच म्हणून बसलो तेव्हा एका आलिमांकडे मसला नेला. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक कारागिराने माहीत करून घ्यावे. ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या सौद्याला इस्तिस्ना म्हणतात. हनफी फिक्हात तो जायज आहे आणि पूर्ण पैसे आगाऊ देणे त्यात जरुरीचे नाही. पण माल कारागिराचा पाहिजे, आणि वस्तूची जात, माप, दर्जा, किंमत आधी स्पष्ट पाहिजे. माल गिऱ्हाइकाचा असेल तर तो इस्तिस्ना राहात नाही, मजुरीचा करार होतो, इजारा. इमाम अबू हनीफा यांच्या मताप्रमाणे वस्तू पाहिल्यावर गिऱ्हाइकाला नकाराचा हक्क राहतो. इमाम अबू युसुफ यांच्या मताप्रमाणे वस्तू ठरल्याप्रमाणे असेल तर त्याला मागे फिरता येत नाही, आणि एकोणिसाव्या शतकात उस्मानी हुकूमतीने जो दिवाणी कायदा, मजल्ला, तयार केला त्याने हेच दुसरे मत घेतले. कारागिराचे महिने वाया जाऊ नयेत हा त्यातला विचार. आपल्या कोकणातले बरेच भाऊ शाफई आहेत. त्यांच्याकडे अशा सौद्याला सलमच्या अटी लागतात, म्हणजे किंमत सौद्याच्या बैठकीतच पूर्ण चुकती. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे.

आमच्या खटल्यात इंजिन गिऱ्हाइकाचे आणि फ्रेम, टाकी, सीट भाच्याची. म्हणजे निम्मा इजारा, निम्मा इस्तिस्ना, आणि अटी दोन्हींच्या धुरकट. आलिम हसले. म्हणाले, मसला कठीण नाही, तुम्ही लोकांनी कठीण केला.

तोड अशी निघाली. इंजिन परत भिंतीवरच्या मूळ चासीत बसवून बुलेट होती तशी, कागदांसकट, गिऱ्हाइकाला परत. इंजिन खोलून साफ करून दिले होते त्याची मजुरी आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी चाळीस हजारांतून वळती. वर त्याने पंचवीस हजार दिले, न कुरकुरता. माणूस खरेच शरीफ होता. कारागिरांची मजुरी त्याच आठवड्यात चुकती केली. लाखभराचा खड्डा भाच्याला राहिला, त्यातला काही मी भरला, कारण सल्ला माझा होता. फ्रेम, टाकी आणि सीट वर्कशॉपच्या भिंतीवर टांगली.

आता त्या भिंतीवरच्या टाकीने कामे आणली. लोक जुन्या कारचा सायलेन्सर झाळायला येतात आणि वर बघत राहतात. गेल्या दोन वर्षांत नुसत्या टाक्यांच्या पाच ऑर्डरी झाल्या, एक संपूर्ण शोभेची गाडी एका रेस्टॉरंटसाठी, इंजिन भंगारातून पावतीसह घेतलेले, आतून रिकामे. प्रत्येक वेळी एक फुलस्केप कागद. वस्तू काय, कशासाठी (रस्त्यासाठी नाही, हे अधोरेखित), पत्रा किती जाडीचा, माल कोणाचा, बदल सुचवला तर त्याचे दाम वेगळे, मुदत किती, तीन टप्प्यांत पैसे. खाली दोघांच्या सह्या आणि टाकीच्या मापांचे चित्र.

पाचव्या टाकीचे गिऱ्हाईक मागच्या महिन्यात आले. टाकी उन्हात नेऊन पाहिली आणि म्हणाले, पिवळा जरा गडद झाला, मी सांगितला तो लिंबासारखा होता. भाच्याने खणातून चार इंची रंगवलेला पत्र्याचा तुकडा काढला. मागे त्यांची सही होती, तारीख होती. त्यांनी तुकडा टाकीवर ठेवला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला, आणि खिशातून पाकीट काढले.